कापलेल्या सुताचं काय करायचं?

परवा रात्री पुतणीनं व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. ती पुण्यात चित्रकला शिकते. खाली लिहिलं होतं, "काका, बघा. तुमच्याच लाइनमधलं आहे."

उघडून बघितलं तर एक मोठी खोली आणि खोलीभर लाल सूत. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छत दिसू नये इतकं दाट. त्या सुताला हजारो चाव्या लटकलेल्या. गंजलेल्या, पितळी, कुलपाच्या, कपाटाच्या. खाली दोन जुन्या लाकडी होड्या, आणि माणसं त्या सुताखालून मान वर करून गुपचूप चाललेली.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला ते खरं सांगतो. एवढा गुंता सोडवणार कोण?

हसू नका. मी सुताच्या दुकानात हिशेब लिहितो. नायना (आमच्यात वडलांना नायना म्हणतात) चाळीस वर्षं मागावर उभे होते आणि अम्मा दुपारी विड्या, रात्री कांड्या. आमच्या घरात गुंता म्हणजे मजुरी बुडाली. तेलुगूत गुंत्याला चिक्कु म्हणतात, आणि अडचणीलाही चिक्कुच. दोन्हीला एकच शब्द का, हे पूर्व भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुतणीला विचारलं, काय आहे हे? मग तिनं बरंच काही पाठवलं आणि मी दोन रात्री ते वाचत बसलो. बाईंचं नाव चिहारू शिओता. जन्म 1972, जपानमधलं ओसाका, आता राहतात बर्लिनला. आईवडलांचा मासळीसाठी लाकडी पेट्या बनवायचा कारखाना होता. कारखान्याच्या आवाजात वाढलेली मुलगी, म्हणजे निम्मी आपलीच. मी बघितलेलं काम 2015 सालचं, इटलीतल्या व्हेनिसच्या प्रदर्शनातलं. चाव्या सुमारे 1,80,000, जगभरच्या लोकांनी पाठवलेल्या. त्याच्या आधीच्या काळात त्यांची जवळची माणसं गेली होती. चावी का, तर चावी रोज हातात असते, हाताची ऊब तिला लागलेली असते आणि ती आपल्या घराची राखण करते.

पुढचं वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. 2017 मध्ये टोकियोच्या मोरी म्युझियमनं त्यांना मोठ्या प्रदर्शनासाठी विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की बारा वर्षांपूर्वीचा कॅन्सर परत आला आहे. उपचार घेत घेत बाईंनी तयारी केली. 2019 मध्ये प्रदर्शन उघडलं आणि सहा लाखांहून जास्त लोक बघून गेले.

पण मला खटकलं ते दुसरंच. प्रदर्शन संपलं की हे सगळं सूत कापून टाकतात. दहा-दहा माणसं कित्येक दिवस बांधत असतात आणि शेवटी कात्री. उरतं ते बघणाऱ्याच्या डोक्यात. नायना असते तर म्हणाले असते, "सूत वाया घालवलं की ओ!"

सूत किती लागतं याचा आपल्याला अंदाज नसतो म्हणून जाता जाता सांगतो, हा माझा रोजचा विषय आहे. आपल्याकडचं 2/20 सूत एक किलो घेतलं आणि उलगडत नेलं तर जवळजवळ सतरा किलोमीटर जातं. म्हणजे दोन किलोची चादर तुम्ही पांघरता तेव्हा सोलापूर ते मोहोळ एवढं सूत अंगावर असतं. असो.

नायनांवरून आठवलं. असलं काहीतरी मी आधी एकदा बघितलेलं होतं, आणि तेही त्यांच्याच सोबत.

2013 सालची गोष्ट. नायनांना घशाचा त्रास होता आणि मुंबईला दाखवायला नेलं होतं. तपासण्या झाल्या, रिपोर्टला दोन दिवस होते. परळला बसून करायचं काय? नायना म्हणाले, राणीची बाग बघू. लहानपणापासून ऐकलेलं नाव. भायखळ्याला गेलो. बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ती जुनी देखणी इमारत. तिच्या दर्शनी भागावर तेव्हा एक प्रचंड कोळिष्टक लावलेलं होतं. खरं नव्हे, केलेलं. दोऱ्यांच्या जागी रबरी शिक्क्यांच्या रांगा, आणि एकेका शिक्क्यावर मुंबईतल्या एकेका रस्त्याचं इंग्रजांच्या काळातलं नाव, जे आता बदललेलं आहे. मुंबईच्याच रीना सैनी कल्लाट यांचं काम ते. नाव मला आत्ता पुतणीकडून कळलं, तेव्हा आम्ही कुठलं नाव विचारतोय!

नायना त्या कोळिष्टकासमोर बराच वेळ उभे राहिले. आधी त्यांनी विणकराच्या नजरेनं बघितलं, कुठं ताण आहे, कुठं सैल सोडलंय, वजन कशावर पेललंय. मग विचारलं, "शिक्के कशाचे?" तिथल्या रखवालदारानं सांगितलं, गेलेल्या नावांचे. नायना म्हणाले, "बरंय. पुसलेली नावं कोळ्याच्या जाळ्यातच सापडणार." घर बंद पडलं की आधी कोळी येतो, असं त्यांना म्हणायचं असेल. मी त्यांना विचारलं नाही. माझं सगळं लक्ष रिपोर्टकडं होतं.

त्या रात्री धर्मशाळेत त्यांना झोप नव्हती. अंधारात त्यांनी बोलायला सुरुवात केली. भद्रावती पेठेपासून सुरू केलं. अमक्याच्या घरात दोन हातमाग, त्याच्या पलीकडं तमका, त्यानं कर्ज काढून पहिला यंत्रमाग आणला, त्याच्या भिंतीला भिंत लावून कांड्या भरणारी म्हातारी, तिचा मुलगा जुन्या मिलला, जावई लक्ष्मी-विष्णूला, व्याही जाम मिलला, नरसिंग गिरजीच्या भोंग्यावर कुणाच्या घरी चूल पेटायची. गल्लीमागून गल्ली. कोण कुणाला सूत उधार द्यायचं, कुणाचा धोटा उडून कुणाचा डोळा गेला, कोण कुणाच्या तिरडीला खांदा द्यायला आला नाही. पाच्छा पेठेतून कन्ना चौक, तिथून साखर पेठ. घशाचा त्रास असलेला माणूस दीड-दोन तास बोलत होता. एकही नाव एकटं येत नव्हतं, प्रत्येकाला दुसरं बांधलेलं.

मी हूं हूं म्हणत झोपून गेलो.

हिशेब लिहिणं हा माझा धंदा. पाच रुपयांचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत बसतो. आणि ते मी लिहून घेतलं नाही. नायना 2016 मध्ये गेले. आता त्यातली पंधरा-वीस नावं मला आठवतात, तीही सुटी सुटी.

नायना गेले तेव्हाची एक गोष्ट. दहाव्याला पाहुणे आले ते रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी घेऊन. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात टॉवेलचा ढीग झाला. सोलापूरचे टॉवेल विणून ज्याची हयात गेली त्या माणसाच्या दुखवट्याला सोलापूरचेच टॉवेल. माझे एक चुलते, तेही विणकर, ढिगाजवळ बसून एकेक टॉवेल चिमटीत धरून बघत होते. हा दत्तनगरचा, हा एमआयडीसीतला, ह्याची काठ कुणी बसवली ते मला माहीत आहे. मग एक टॉवेल त्यांनी नुसता मांडीवर ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. तो नायनांच्या मागावरचा होता. व्यापाऱ्याकडून दुकानात, दुकानातून पाहुण्याकडे, पाहुण्याकडून परत आमच्या घरी.

आता मागाविषयी. ज्यांच्या घरी माग नव्हता त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात. एकाचं सूत ताणलेलं, दुसऱ्याचं सैल. त्या सैल सुताचेच टॉवेलवर फुगे उठतात, जे पाणी टिपतात. बीम संपत आलं की नवं चढवतात. पण नवं बीम चढवताना जुनं सूत मागातून काढून टाकत नाहीत. जुन्याची टोकं वहीतून, फणीतून तशीच ओवलेली ठेवतात आणि त्या एकेका टोकाला नव्या बीमचं एकेक टोक बोटांनी पिळून जोडतात. बोटांना राख लावायची, दोन टोकं जुळवायची, एक पीळ द्यायचा. आमच्या मागाला अशी दोन हजारांच्या आसपास टोकं. अर्धा-पाऊण दिवस एक माणूस मागाच्या मागं बसून एवढंच करत असतो. मग माग हळू चालवून तो सगळा सांधा फणीतून पुढं काढून घ्यायचा.

म्हणजे काय होतं बघा. डिझाइनच बदललं, वही-फणी नवी घेतली तर गोष्ट वेगळी. नाहीतर मागावरचं सूत कधी संपतच नाही. आजचं कालच्याला जोडलेलं, कालचं परवाच्या. नायनांनी 1988 मध्ये जुना माग घेतला तो आधीच्या मालकाच्या टोकांसकट, आणि त्यालाच जोडत गेले. नायना गेल्यावर एका कामगारानं तो दोन-तीन वर्षं चालवला, त्यानंही त्यालाच जोडलं. मग कोरोना आला. कामगार गावी गेला तो परत आला नाही आणि माग थांबला.

थांबलेला माग घरात किती जागा खातो ते विचारू नका. मुलगी मोठी झालेली, तिला अभ्यासाला खोली नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर भंगारवाल्याला बोलावलं. यंत्रमाग म्हणून घेणारं कुणी नव्हतं, लोखंड म्हणून गेला. टेम्पो दारात, दोन माणसं पाने घेऊन तयार. अम्मा म्हणाली, थांबा. आत गेली आणि मागाच्या मागं जाऊन बसली, जिथं सांधणारा बसतो तिथं.

मी म्हणालो, "अम्मा, काप की. टेम्पोवाला थांबलाय."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. दोन बारीक काड्या सुतात एकआड एक घातल्या, धाग्यांची ओळ मोडू नये म्हणून. फणी दोन्ही बाजूंनी फडक्यानं बांधली. फणीच्या पुढं आणि मागं हातभर सूत सोडून विडीची पानं कापायच्या कात्रीनं एका बाजूनं कापत गेली, मग दुसऱ्या. घाई नाही. दोन हजार टोकं. टेम्पोवाला दोनदा हॉर्न देऊन गप्प बसला. बहुतेक त्यालाही कळलं असावं, त्याच्या घरीही कधीतरी माग असणार.

ते कापलेलं सूत फणीसकट आमच्या लोखंडी पेटीत आहे, जुन्या धोतरात गुंडाळून. मी म्हणालो होतो, "हे ठेवून काय करणार?" तिनं उत्तर दिलं नव्हतं.

आता तो व्हिडिओ बघताना मला ते आठवलं आणि गुंता कोण सोडवणार हा माझा प्रश्न मलाच बावळट वाटला. गुंता नव्हताच तो. त्या बाईंनी उलटं केलं होतं. जे आपल्याला रोज दिसत नाही, कोण कुणाला कसं बांधलेलं आहे, ते त्यांनी हवेत काढून दाखवलं होतं. नायना धर्मशाळेत तोंडानं तेच करत होते.

शिओताबाईंचं आणखी एक काम आहे. त्यात सूत काळं आहे. मधोमध जळलेला पियानो, समोर प्रेक्षकांच्या जळलेल्या खुर्च्या, आणि सगळ्यावर काळ्या सुताचं जाळं. लहान असताना शेजारच्या घराला रात्री आग लागलेली त्यांनी बघितली होती. दुसऱ्या दिवशी बाहेर जळलेला पियानो पडलेला. वाजणार नाही तरी पियानोच.

हे बघून मला पुढं जाता आलं नाही. 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली ती आपल्या सगळ्यांना आठवते. आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब आणि कामगार एकाच छताखाली झोपलेले होते, त्यात एक तान्हं मूल. सुताचा कारखाना कसा पेटतो ते सांगायची गरज नाही. चार-पाच दिवस शहर त्याच विषयावर बोलत होतं, स्टेटस लावले, मागण्या झाल्या. मग? आज त्या आठ जणांसाठी शहरात कुठं उभं राहायचं ठरवलं तर कुठं उभं राहायचं?

हुतात्म्यांसाठी जागा आहे आणि ती असायलाच हवी. 12 जानेवारीला आपण जातो, चौघांना हार घालतो. मी म्हणतोय ते साध्या मरणाचं. मागावर उभं राहून, धुरळ्यात खोकून, विड्या वळून गेलेल्यांचं. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून या शहरात किती माणसांनी सूत हाताळलं असेल? त्यांचं एकत्र असं काही नाही. चिमणी म्हटलं की आपल्याला 2023 मध्ये पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते, भांडणासकट. मिलच्या चिमण्या आठवणारे आता साठीच्या पुढचे.

मागं एका बैठकीत कुणीतरी सुचवलं की चौकात फायबरची भलीमोठी चादर उभी करावी, रात्री लाइट, सेल्फीला बरं. मी मागच्या खुर्चीवर होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा डोलावली. फायबरची चादर! भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चादर, आणि तिचा पुतळा करायचा तोही सूत न वापरता.

मला काय वाटतं ते सांगतो, पटलं तर बघा. एखादी बंद शेड घ्यावी, सोलापुरात त्यांना तोटा नाही. महिनाभरासाठी. आपलंच सूत, कुणी किलो, कुणी दोन किलो दिलेलं. आणि बांधणारी माणसं आपलीच, ज्यांच्या बोटांना पीळ द्यायची सवय आहे ती. ज्यांच्या घरी जे असेल ते त्यांनी आणावं. मिलचा बिल्ला, पगाराचं पाकीट, झिजलेला धोटा, जॅकार्डचे पुठ्ठे, विडीची कात्री, चष्मा. नाव एका चिठ्ठीवर. ते सगळं त्या सुतात टांगावं आणि लोकांनी त्याखालून चालावं. दिवस ठरवायचा तर नारळी पौर्णिमा. राखीचाही धागा त्याच दिवशी, आमच्यात जानवं बदलायचंही त्याच दिवशी, मार्कंडेयाचा रथही त्याच दिवशी. मार्कंडेयाची गोष्ट तरी काय आहे? सोळा वर्षांच्या पोराच्या गळ्यात यमानं फास टाकला तेव्हा त्यानं पिंडीला मिठी मारली आणि फास दोघांवर पडला. विणकरांच्या देवाची गोष्ट दोरीचीच निघावी, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं.

माझे एक मित्र आहेत, अजून चार माग चालवतात. त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लका, विजेचं बिल बघितलास काय माझं? सूत टांगायलाय!" त्यांचं बरोबर आहे. जिवंत मागांचे प्रश्न सुटत नसताना मेलेल्या मागांचा सोहळा कशाला, हे कुणीही विचारावं. मजुरी, वीज, सुताचे भाव, कारखान्यात झोपणाऱ्यांसाठी दुसरा दरवाजा, हे आधी. मी वाद घातला नाही. पण जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "आमच्या बाचा धोटा आहे बघ माझ्याकडं. शिसवी. कुठं ठेवायचा कळंना."

काल रविवार होता. पुतणी आली होती, तिनं अम्माला तो व्हिडिओ दाखवला. अम्मानं चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. मला वाटलं म्हणेल, येडी हायेत काय ही माणसं. तिनं विचारलं, "नंतर ह्या सुताचं काय करतात?"

पुतणी म्हणाली, "कापून टाकतात, अव्वा."

"फेकतात?"

"हो."

अम्मा थोडा वेळ काही बोलली नाही. मग उठली, पेटी उघडली, धोतरातलं गाठोडं काढून कॉटवर ठेवलं आणि सोडलं. दोन काड्यांमध्ये ओळ तशीच होती, एक धागा इकडचा तिकडं नाही. पुतणीला म्हणाली, बस इथं. स्वयंपाकघरातून चिमूटभर राख आणली (गॅसच्या घरात राख कुठली, उदबत्तीची), तिच्या बोटांना लावली आणि पीळ कसा द्यायचा ते दाखवायला लागली. पोरीला पहिले आठ-दहा जमले नाहीत, सुटत होते. नंतर एक बसला.

मी वही घेऊन शेजारी बसलो. म्हणालो, "अम्मा, भद्रावती पेठेत आपल्या पलीकडं कोण होतं ग, दोन हातमागवाले?"

तिनं सांगितलं. मी लिहिलं. रात्री साडेअकरापर्यंत त्रेचाळीस नावं झाली आहेत, अजून कन्ना चौक यायचा आहे. तुमच्याकडं कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्याला ती गल्ली आठवत असेल तर मला कळवा, मी घरी येऊन लिहून घेईन. संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो.